ग्लॉस्टर ई.२८/३९ : १:२४ मापाचं बाल्साचं मॉडेल कसं घडवायचं

ब्रिटनच्या या पहिल्या जेट विमानाच्या फक्त दोन प्रती बनल्या, डब्ल्यू ४०४१ आणि डब्ल्यू ४०४६. उत्पादनात ते कधी गेलंच नाही. त्यामुळे मॉडेल करणाऱ्याची अडचण वेगळीच होते. स्पिटफायर करायचं तर हजारोंपैकी कुठलंही एक निवडता येतं. इथे एकच विमान तीन-साडेतीन वर्षं सतत बदलत राहिलं. इंजिनं बदलली, पंखांचा छेद बदलला, शेपटीला जादा पट्ट्या आल्या, रंगचिन्हं बदलली. म्हणून लाकडाला हात लावण्याआधी एक तारीख ठरवा आणि ती आराखड्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. जो फोटो समोर येईल त्याला आधी विचारायचं : तू कधीचा?

तारीख निवडायला पुरेल इतकाच इतिहास देतो. १९४० च्या फेब्रुवारीत ग्लॉस्टर कंपनीला काम मिळालं. आराखडा जॉर्ज कार्टर यांचा, इंजिन फ्रँक व्हिटल यांच्या पॉवर जेट्सचं. ८ एप्रिल १९४१ ला ब्रॉकवर्थच्या धावपट्टीवर जमिनीवरच्या चाचणीत विमानाने छोट्या उड्या मारल्या, पण तेव्हाचं डब्ल्यू.१एक्स हे इंजिन उड्डाणाच्या लायकीचं नव्हतं. खरं पहिलं उड्डाण १५ मे १९४१ च्या संध्याकाळी क्रॅनवेलला झालं, डब्ल्यू.१ इंजिनावर. वैमानिक जेरी सेयर, वेळ १७ मिनिटं. दुसरं विमान, डब्ल्यू ४०४६, मार्च १९४३ मध्ये उडालं आणि त्याच वर्षी ३० जुलैला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) अडकल्याने पडलं. वैमानिक डेव्ही यांनी सुमारे ३३,००० फुटांवरून उडी मारली आणि ते वाचले. डब्ल्यू ४०४१ मात्र टिकलं. १९४६ पासून ते लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

इथेच बहुतेक मॉडेलं फसतात. रंगीत, जवळून काढलेले, सगळ्या बाजूंचे फोटो मिळतात ते संग्रहालयातल्या विमानाचे, म्हणजे त्याच्या अखेरच्या रूपाचे. त्या रूपात आडव्या शेपटीच्या टोकांजवळ दोन छोट्या उभ्या पट्ट्या आहेत. जास्त वेगात विमान स्थिर राहावं म्हणून त्या नंतर बसवल्या. मॉडेलच्या पाटीवर ‘क्रॅनवेल, मे १९४१’ आणि शेपटीवर या पट्ट्या, अशी जोडी जाणकाराला लगेच खटकते. दुसरी नेहमीची चूक बंदुकांच्या भोकांची. मूळ मागणीपत्रकात चार .३०३ ब्राउनिंग मशीनगनसाठी सोय ठेवायला सांगितलं होतं, म्हणून काही आराखड्यांत त्या दाखवलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या कधी बसवल्याच नाहीत. भोकं पाडू नका.

पहिल्यांदा करणाऱ्याने मे १९४१ निवडावा. शेपटीच्या जादा पट्ट्या नाहीत, चिन्हं सोपी आहेत, आणि ऐतिहासिक मोल त्याच दिवसाला आहे.

आराखडा आणि मापं

विमानाचा पंखविस्तार ८.८४ मीटर, लांबी ७.७४ मीटर, उंची २.६९ मीटर, पंखांचं क्षेत्रफळ १३.६ चौरस मीटर. १:२४ ला भागलं की पंखविस्तार ३६८ मिमी, लांबी ३२२ मिमी, उंची ११२ मिमी. हे तीन आकडे टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवा. पुढचं सगळं काम त्यांच्याशी ताडून बघायचं आहे.

तीन बाजूंचा आराखडा बहुधा १:७२ चा मिळतो. तो ३०० टक्के मोठा केला की १:२४ होतो. ए-३ कागद ४२० मिमी लांब असतो, त्यावर पंख पूर्ण मावतात. ए-४ वर मावत नाहीत, म्हणून तुकडे जोडण्याचा मोह टाळा. प्रिंट काढणाऱ्याला ‘कागदात बसव’ हा पर्याय बंद करायला सांगा. आराखड्यावर आधीच १०० मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ काढून ठेवा. झेरॉक्सची मशीन एका दिशेला एखादा टक्का ताणतात. आडवी रेघ १०० भरली आणि उभी १०१, तर तुमचं धड उगाच फुगणार. शिवाय तिप्पट मोठं करताना रेघही तिप्पट जाड होते. अर्ध्या मिमीची रेघ दीड मिमीची झाली की कापायचं कुठे? नेहमी रेघेच्या मधोमध. एकदा बाहेरून, एकदा आतून कापलं की दोन पंख दोन मापांचे होतात.

आराखडा विश्वासाचा आहे की नाही हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. पंखांची वरून दिसणारी बाह्यरेषा, धडाच्या आतला भाग धरून, ग्राफपेपरवर छापा आणि चौकोन मोजा. १:२४ ला क्षेत्रफळ २३६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास यायला हवं, म्हणजे पंखाची सरासरी कॉर्ड (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी) ६४ मिमी. २४५ किंवा २२५ आलं तर आराखडा काढणाऱ्याने पंख अंदाजाने काढलेत, दुसरा शोधा. अर्धा तास जातो, पण महिनाभराचं काम वाचतं.

लाकूड निवडणं

बाल्साची शीट ७५ मिमी रुंद आणि ९१५ मिमी लांब मिळते. या मॉडेलला १० मिमी जाडीच्या चार-पाच आणि ३ मिमीची एक शीट लागते. दुकानात जाताना खिशात छोटा वजनकाटा न्या. १० मिमीच्या शीटचं आकारमान सुमारे ६८६ घनसेंटिमीटर असतं. वजन ६५ ते ७५ ग्रॅम भरलं तर ती हलकी, धडाला चांगली. ८० ते ९० ची पंखाला घ्या, तिची धार टिकते. १०० च्या वर गेलेली शीट परत ठेवा, ती तासताना हात दुखतो. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन शीटांत चाळीस ग्रॅमचा फरक निघू शकतो.

बाकी सामान घरचं आणि हार्डवेअरच्या दुकानातलं : पांढरा फेविकॉल, सायनो (क्षणात चिकटणारा सुपरग्लू), बांबूच्या ३ मिमीच्या काड्या, सायकलची स्पोक, १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, सुताराकडे मिळतो तो सँडिंग सीलर आणि त्याचा थिनर, टाल्कम पावडर, थोडी एम-सील. हत्यारांत छोटा रंधा, गोल पटाशी, फ्रेटसॉ, गुण्या आणि धारदार कटर. कटरचं पातं बोथट झालं की बाल्सा कापला जात नाही, चिरडला जातो. पाती मोजून वापरण्यात शहाणपण नाही.

धड

धड जवळजवळ गोल, पोटात जाड आणि शेपटीकडे निमुळतं. नाकाला गोल तोंड आहे, तिथून हवा आत जाते, कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी फिरून मागे इंजिनापर्यंत पोचते आणि जळालेला वायू शेपटीच्या टोकाच्या नळीतून बाहेर पडतो. म्हणजे मॉडेलला दोन्ही टोकांना पोकळी हवी, आणि ती कोरायला धड मधून उघडता यायला हवं. त्यासाठी धड उभ्या थरांचं करायचं.

आराखड्यावर धडाची सर्वांत जास्त रुंदी मोजा, १० ने भागा आणि वरचा सम आकडा घ्या. तेवढे थर लागतील. आकडा सम यासाठी की सांधा बरोबर मध्यरेषेवर पडतो. मधल्या दोन थरांना बाजूने दिसणारी पूर्ण बाह्यरेषा द्या. बाहेरचे थर वरून दिसणाऱ्या आकाराप्रमाणे छोटे होत जातील, ते शीटच्या उरलेल्या तुकड्यांतून निघतात. उभं शेपूट आणि कॉकपिटचं पारदर्शक झाकण या बाह्यरेषेत धरू नका, ती वेगळी करायची आहेत.

मधला सांधा सोडून बाकीचे थर फेविकॉलने पक्के चिकटवा. मधल्या सांध्यात वर्तमानपत्राचा एक कागद घाला आणि फेविकॉलचे नखाएवढे सहा-सात ठिपकेच द्या, पूर्ण पृष्ठभागाला लावू नका. सगळं फळीवर दाबून बारा तास ठेवा. हा सांधा तासताना हलत नाही, पण शेवटी पातळ स्टीलची पट्टी सारली की कागद मधोमध फाटतो आणि धडाचे दोन आरसे हातात येतात. फेविकॉल जास्त झाला की तो कागदातून आरपार मुरतो. मग कागदाऐवजी बाल्सा फाटतो. ही चूक जवळपास सगळ्यांकडून एकदा होते.

तासायचा क्रम महत्त्वाचा. आधी ठोकळा वरून दिसणाऱ्या बाह्यरेषेत आणा. बाजूची रेषा थर कापतानाच आलेली आहे. मग चारही कडा ४५ अंशांत उतरवा म्हणजे छेद अष्टकोनी होईल. मग त्या आठ कडा. गोलाई शेवटी पॉलिश पेपरने येते. सरळ गोल करायला गेलात तर एक बाजू नेहमी दुसरीपेक्षा जास्त खाल्ली जाते, कारण उजव्या हाताचा जोर एकाच दिशेला पडतो. धडाच्या लांबीवर चार-पाच ठिकाणी छेदाचे अर्धगोल पुठ्ठ्यातून कापा आणि दोन्ही बाजूंना तेच साचे लावून बघा. दोन बाजूंना वेगळे साचे कापू नका, चूकही दोन प्रकारची होईल.

धड उघडलं की गोल पटाशीने आतून कोरा. भिंत ५ मिमीपेक्षा पातळ नको. नाकाच्या तोंडाची कड मात्र पातळ आणि गोलसर दिसली पाहिजे. तिला सायनोचे दोन थेंब पाजले की बाल्सा टणक होतो आणि पुढे ४०० च्या पेपरने सुरेख धार येते. तोंडापासून सुमारे ३५ मिमी आत एक आडवी भिंत घाला, तिच्या मधोमध उभा पाचर लावा आणि आतला भाग मॅट काळा रंगवा. हवा दोन वाटांनी गेल्याचा भास तेवढ्याने होतो. भिंत घातली नाही तर समोरून बघणाऱ्याला कॉकपिटची खुर्ची पाठीमागून दिसते.

शेपटीच्या नळीसाठी शीतपेयाच्या कॅनचा पत्रा घ्या. आराखड्यावरच्या व्यासाच्या पेनावर किंवा नळीवर गुंडाळा, ३० मिमी लांब ठेवा, सांधा खाली येऊ द्या. पत्रा कात्रीने कापताना कड दुमडते. ती लाकडी फळीवर ठेवून चमच्याच्या पाठीने घासली की सपाट होते. हातमोजे घाला, हा पत्रा ब्लेडसारखा कापतो.

नाकातलं वजन, दोन भाग बंद करण्याआधी

या मॉडेलमधली सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट ही. विमानाला तीन चाकं आहेत, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. नाक आतून पोकळ, शेपटीकडे भरीव लाकूड, उभं-आडवं शेपूट, पत्र्याची नळी. वजन न घालता पूर्ण केलेलं मॉडेल शेपटीवर बसतं, नाक वर करून, आणि तोपर्यंत आत हात घालायला जागा उरलेली नसते.

हिशोब सोपा आहे. धड, पंख, शेपट्या टेपने तात्पुरत्या जोडा. पंखाखाली पेन्सिल आडवी ठेवून मॉडेल कुठे तोलतं ते बघा आणि ती जागा मुख्य चाकांच्या रेषेच्या किती मागे आहे ते मोजा. समजा सगळं मिळून ९० ग्रॅम भरलं आणि तोल चाकांच्या १२ मिमी मागे आला. वजन ठेवायची जागा चाकांच्या १०० मिमी पुढे आहे. मग ९० गुणिले १२ भागिले १०० म्हणजे सुमारे ११ ग्रॅम. एवढ्याने मॉडेल जेमतेम तोलतं, टेबलाला धक्का लागला की मागे पडतं. दुप्पट घाला, २० ते २२ ग्रॅम. रंग आणि लांबी (खड्डे भरायची पुट्टी) यांचं वजन मागेही वाढणार आहे, त्याचीही सोय त्यात होते.

नाकात हवेची वाट असल्याने मधोमध जागा नाही. वजन वाटेच्या खाली, पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना आणि कॉकपिटच्या तळाखाली वाटून घाला. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची चिकटपट्टीवाली ५ ग्रॅमची वजनं मिळतात, ती पातळ असतात आणि इथे नेमकी बसतात. वरून एम-सीलने जखडा, नुसत्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नका. बंद धडात सुटलेलं वजन खुळखुळ्यासारखं वाजतं आणि ते काढायचा मार्ग नसतो.

कॉकपिट याच वेळी पुरं करा. तळ, खुर्ची, दांडी, समोरचा फलक, सगळ्याला राखाडी-हिरवा रंग. आत फार दिसत नाही, दोन संध्याकाळींपेक्षा जास्त वेळ घालवू नका. मग दोन्ही भागांवरचा कागद ओल्या फडक्याने पुसून काढा, वाळू द्या आणि या वेळी पूर्ण पृष्ठभागाला फेविकॉल लावून कायमचं जोडा.

पंख

एका बाजूचा पंख १८४ मिमी, धडाच्या मध्यापासून. मुळाशी कॉर्ड ७५ मिमीपेक्षा जास्त असेल तर शीटला मागच्या कडेने पट्टी जोडा, पुढच्या कडेने नको, नाहीतर सांध्याची रेघ नेमकी सर्वांत जास्त दिसणाऱ्या गोलाईवर येते.

या विमानासाठी पंखांचे दोन जोड बनवले होते. एकाचा छेद नाका (NACA) २३०१२, दुसऱ्याचा ईसी १२४०, ही छेदांच्या ठरावीक आकारांची नावं. दुसरा जास्त वेगासाठी. जाडी दोन्हींची कॉर्डच्या १२ टक्के. नाका २३०१२ मध्ये सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून ३० टक्क्यांवर येतो, ईसी १२४० मध्ये ४० टक्क्यांवर. आपल्या सरासरी कॉर्डवर हा फरक साडेसहा मिमीचा. कपाटातल्या मॉडेलवर तो कुणी ओळखणार नाही, पण मे १९४१ करत असाल तर रेघ ३० टक्क्यांवरच आखा, फुकट मिळणारी अचूकता कशाला सोडा.

पद्धत अशी. पंखाच्या तुकड्यावर पुढच्या कडेच्या मधोमध एक रेघ, मागच्या कडेला मधोमध दुसरी. आधी समोरून बघून जाडी उतरवा. मुळाशी कॉर्ड ८० असेल तर ९.६ मिमी, टोकाशी ४० असेल तर ४.८. रंध्याने मुळापासून टोकाकडे जा, उलट नाही. मग वरच्या बाजूला ३० टक्क्यांची रेघ ओढा आणि तिच्या मागचं लाकूड मागच्या कडेपर्यंत सरळ उतारात काढा. मग पुढची गोलाई. नाका २३०१२ ची गोलाई पुढच्या भागात वर उचललेली असते, खालची बाजू बरीच सपाट. दोन्ही बाजू सारख्या केल्यात तर पंख पाण्यातल्या माशाच्या परासारखा दिसतो. मागची कड १ मिमीवर थांबवा. त्याहून पातळ बाल्सा रंगाच्या ओलीने लाटेसारखा वाकतो.

धडाला जोडताना प्रत्येक पंखात दोन बांबूच्या काड्या, २५ मिमी आत. भोकं आधी धडात पाडा, काड्यांच्या टोकांना रंग लावून पंखाला टेकवा, ठिपके उमटतील तिथे पंखात भोकं पाडा. पंखांचा वर उचललेला कोन आराखड्याच्या समोरच्या चित्रावरून घ्या आणि दोन्ही टोकांखाली सारख्या उंचीचे ठोकळे ठेवून फेविकॉल वाळू द्या. सायनो इथे वापरू नका, चूक सुधारायला पाच सेकंदही देत नाही. वाळत असताना उभ्या शेपटीच्या तळापासून दोन्ही पंखटोकांपर्यंत दोरा ताणून मोजा. अंतर सारखं नसेल तर पंख पुढे-मागे गेलाय. एक मिमीपर्यंत चालेल.

मुळाशी पंख आणि धड जिथे भेटतात ती खाच बाल्साचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरा. एम-सील तिथे नको, तासताना ती कडक राहते आणि शेजारचं मऊ लाकूड खड्ड्यात जातं.

शेपट्या ३ मिमीच्या शीटच्या. सुकाणू आणि एलिव्हेटर (आडव्या शेपटीचा हलता मागचा भाग) यांच्या रेघा कटरने नव्हे तर बोथट सुईने दाबून काढा. आडवं शेपूट बसवताना मागून एक डोळा मिटून बघा, ते पंखांशी समांतर हवं. उभं शेपूट गुण्याने तपासा. आणि जादा पट्ट्यांबद्दल आपण ठरवलेली तारीख पुन्हा एकदा वाचा.

पाय आणि चाकं

पंखा (प्रोपेलर) नसल्याने या विमानाला जमिनीपासून उंच राहायची गरज नव्हती. पाय आखूड आहेत. पंख्याच्या लढाऊ विमानांची सवय असलेला हात हे पाय हमखास लांब करतो आणि मॉडेल बगळ्यासारखं दिसतं. मोजायची रीत : मॉडेल टेबलावर उभं राहिलं की उभ्या शेपटीचं टोक ११२ मिमीवर यावं. जास्त आलं तर पाय छाटा.

सायकलची स्पोक सुमारे २ मिमी जाड असते, पायांना तीच बरी. पकडीत धरून एकदाच वाकवा. वाकवून सरळ केली आणि पुन्हा वाकवली की ती तिथेच तुटते, कधी लगेच, कधी मॉडेल पूर्ण झाल्यावर. पंखात घालायच्या टोकाला १० मिमीचा काटकोन द्या आणि पंखात खाच कोरून एम-सीलने बसवा. सरळ भोकात घातलेली तार काही दिवसांत फिरायला लागते. चाकं खेळण्यातल्या गाडीची चालतात, व्यास आराखड्याशी जुळायला हवा.

पारदर्शक झाकण

साच्यासाठी सागवानाचा तुकडा घ्या. बाल्सा गरम प्लास्टिकखाली दबतो आणि त्याच्या रेघा झाकणावर उमटतात. साचा सगळीकडून पाव-अर्धा मिमी लहान ठेवा, प्लास्टिकची जाडी त्यात धरायची. तो ६०० च्या पेपरने घासून गुळगुळीत करा. आता गुळगुळीत भिंतीची प्लास्टिकची बाटली, कोल्ड्रिंकची असते तशी, मधून कापा, साचा आत ठेवा, उरलेल्या जागेत लाकडी पाचर ठोका आणि हॉट एअर गन फिरवत राहा. बाटली आकसून साच्याला घट्ट बसते. गन एका जागी थांबली की प्लास्टिक दुधाळ होतं आणि ते पुन्हा पारदर्शक होत नाही, नवी बाटली घ्या. घरच्या केस वाळवायच्या यंत्राची उष्णता सहसा पुरत नाही. चौकटीच्या पट्ट्या रंगवण्यापेक्षा रंगवलेल्या टेपच्या पट्ट्या चिकटवणं सोपं, हात थरथरला तरी कड सरळ राहते.

पृष्ठभाग

बाल्साला थेट रंग लावला तर तंतू उभे राहतात. सँडिंग सीलरमध्ये टाल्कम पावडर दाटसर कालवून पहिला हात, वाळल्यावर २२० चा पेपर. दुसरा हात, ४००. तिसरा पावडर न घालता पातळ, मग ६००. तीन हातांनंतरही लाकडाच्या शिरा दिसत असतील तर चौथा द्या. रंगाखाली शिर लपत नाही, उलट उठून दिसते. खड्ड्यांना कार पेंटरकडची लांबी वापरा, पण नखाच्या जाडीपेक्षा जास्त थर एका वेळी नको, तडकते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे काम जपून. दमट हवेत सीलर वाळताना पांढुरका पडतो, कारण थिनर झपाट्याने उडून पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर धरते. झालंच तर नुसत्या थिनरचा अगदी पातळ फवारा मारला की पांढरेपणा बहुतेक वेळा जातो. त्यापेक्षा उघडीप पडलेली दुपार गाठा.

रंग आणि चिन्हं

वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी यांचे पट्टे, खालून पिवळा. पिवळा आधी मारा आणि त्याच्याखाली पांढरा अस्तर द्या. लाकडी किंवा राखाडी पृष्ठभागावर पिवळा कितीही हात दिले तरी हिरवट दिसतो. पिवळ्याला किंचित नारिंगी लागतो. मातकट तपकिरीसाठी बर्न्ट अंबर, यलो ऑकर आणि थोडा पांढरा. गडद हिरव्यासाठी सॅप ग्रीन आणि चिमूटभर काळा. ट्यूबमधला रंग वाळल्यावर गडद होतो, म्हणून पुठ्ठ्यावर नमुना वाळवून मगच ठरवा. रंग मॅट हवा.

चिन्हांत तारीख पुन्हा आडवी येते. मे १९४२ पर्यंत धडावरच्या गोल चिन्हाच्या चार चकत्या सारख्या रुंदीच्या असत. प्रमाण ३५ इंची चिन्हाचं धरा : १:२४ ला लाल ५.३ मिमी, पांढरी १५.९, निळी २६.५, बाहेरची पिवळी ३७ मिमी, सगळे व्यास. त्यानंतरच्या चिन्हात पांढरी आणि पिवळी चकती अगदी अरुंद झाली. ३६ इंचीसाठी १२.७, १६.९, ३३.९ आणि ३८.१ मिमी. शेपटीवरचा झेंडा आधी तीन सारख्या पट्ट्यांचा, प्रत्येकी साडेआठ मिमी, नंतर मधली पांढरी पट्टी जेमतेम दोन मिमीची. लाल पट्टी नेहमी पुढे, म्हणजे नाकाकडे. पंखांवर वरून फक्त लाल-निळं चिन्ह, खालून लाल-पांढरं-निळं. तुमच्या फोटोत धडाच्या उंचीच्या किती भागात चिन्ह मावलंय ते मोजून घ्या, छापील मापापेक्षा फोटो खरा.

नंतरच्या फोटोंत क्रमांकापुढे तिरकी रेघ आणि जी दिसतो. त्याचा अर्थ विमानावर कायम पहारा ठेवायचा. गोलातलं पिवळं पी म्हणजे प्रोटोटाइप. दोन्ही खुणा तुमच्या तारखेच्या फोटोत दिसत असतील तरच लावा. क्रमांकाची अक्षरं ८ इंची धरली तर साडेआठ मिमी उंच, काळी.

घरच्या इंकजेटवर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) छापत असाल तर पांढऱ्या पाठीचा कागद घ्या. पारदर्शक कागदावरची शाई अर्धपारदर्शक असते, पिवळ्यावर निळं चिन्ह हिरवं दिसतं. छापल्यावर क्लिअर लॅकरचे दोन हात देऊन रात्रभर ठेवा, मगच पाण्यात बुडवा, नाहीतर शाई पाण्यात उतरते. डिकल मॅट रंगावर बसत नाही, खालून हवा धरून चंदेरी दिसतं. त्या जागी आधी ग्लॉसचा पातळ हात द्या, डिकल लावा, आणि शेवटी सगळ्या मॉडेलवर मॅट वॉर्निश मारा. काचेला तेव्हा टेप लावलेली असू द्या.

वॉर्निश हाताला कोरडं वाटलं तरी आठवडाभर मॉडेल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, रंग पिशवीला चिकटतो. कपाटात ठेवताना मुख्य चाकांखाली पातळ फेल्ट द्या आणि नाकाचं चाक टेबलाला टेकलंय ना ते बघा. उचललेलं असेल तर वजन कमी पडलं. अशा वेळी हवेच्या तोंडातून आतल्या भिंतीपुढे शिशाचे छर्रे सायनोने बसवून वर काळा रंग द्या.